श्रीरामभाऊ आणि वाजणारा पाट

आमच्या शेजारचे श्रीरामभाऊ शेळके सकाळी भिंतीपलीकडून हाक मारतात, ती चहासाठी नसते आणि वर्तमानपत्रासाठीही नसते. "मॅडम, आज गांधीलमाशी!" एवढं ओरडून ते आत निघून जातात. नव्या माणसाला वाटेल, घरात पोळं लागलं असेल. तसं काही नसतं. श्रीरामभाऊंना विजेचा झटका बसलेला असतो, आणि तो किती जोराचा होता हे त्यांनी शेजारधर्म म्हणून मला कळवलेलं असतं.

झटक्यांची त्यांनी प्रतवारीच केली आहे. बोटाच्या शेंड्यावर थांबतो तो 'मुंगी'. मनगटापर्यंत चढतो तो 'गांधीलमाशी'. खांद्यापर्यंत जाऊन माणसाला मागे फेकतो तो 'बैल'. आणि सगळ्यांत वरचा 'सासरा'. "सासरा लागला का तोंडातून शब्द निंघत नाही मॅडम," ते मला समजावून सांगत होते. "नुसती मान हालवत राहा लागते. हो मामा, हो मामा." त्यांच्या सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही, पण अनुभव खोल असावा.

मी अमडापूरच्या शाळेत शिकवते आणि विजेला भिते. बल्ब बदलायचा असला तर मी आधी मेन स्विच पाडते, मग पायात रबरी चपला घालते, मग तरीही नवऱ्याची वाट बघते. अशा बाईला देवानं शेजार दिला तो श्रीरामभाऊंचा. त्यांची थोडी शेती आहे; सोयाबीन, तूर, हरभरा घेतात आणि बरं पिकवतात. पण जीव शेतात नाही. जीव ओसरीतल्या एका टेबलात आहे, ज्याला ते 'ऑफिस' म्हणतात. त्या टेबलावर रेडिओचे सांगाडे, मिक्सरच्या मोटारी, पोट फाडलेले चार्जर आणि कुणाच्या तरी लग्नातून रिटायर झालेला एक भोंगा असं सगळं सुखानं नांदत असतं. गावातल्या बिघडलेल्या वस्तू तिथं येतात, फुकट दुरुस्त होतात, आणि जाताना काहीतरी नवीन गुण घेऊन जातात. माझा मिक्सर दुरुस्त होऊन आला तेव्हापासून त्याच्या झाकणाला हात लावला की मुंगी चावते. तक्रार केली तर म्हणाले, "सिंपल लॉजिक हाय मॅडम. झाकनाले हात लावूच नका."

सिंपल लॉजिक हा त्यांचा आवडता शब्द. त्यांचं लॉजिक खरोखरच सिंपल होतं, म्हणून तर झटके बसत. उदाहरणार्थ, चपला. विजेचं काम करताना पायात रबर हवं, हे शाळेतली पोरंही सांगतील. श्रीरामभाऊ मात्र ऑफिसच्या उंबऱ्याशी चपला काढून ठेवतात, पाय धुतात, हत्यारांना हात जोडतात आणि शेणानं नुकत्याच सारवलेल्या ओल्या जमिनीवर अनवाणी बसून उघड्या वायरीला हात घालतात. मी एकदा म्हटलं, "भाऊ, चपला तरी घालत जा." ते खरोखर दुखावले. "हत्याराजवळ चपला घालून बसते का कोनी? दसऱ्याले पूजा करायची अन् मंग वर्षभर वहाना घालून बसायचं?"

दुसरं लॉजिक मेन स्विचचं. तो त्यांनी कधी पाडल्याचं मी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे लाइन कधी जाणार, कधी येणार याचं वेळापत्रक त्यांनी पंचांगाशेजारी चिकटवलंय, आणि पंचांगापेक्षा त्यावर त्यांचा विश्वास जास्त. लाइन गेली की कामाला सुरुवात. "लाइन गेलेलीच हाय, मंग मेन काऊन पाडायचा? मेलेल्याले मारतेत का?" आणि मग लाइन वेळेच्या आधी यायची. ओसरीतून "मेलो वं माय!" अशी आरोळी उठायची, एखादं ताट खणखणत अंगणात यायचं. थोड्या वेळानं श्रीरामभाऊ हात झटकत बाहेर येऊन वेळापत्रकात पेन्सिलीनं दुरुस्ती करायचे. चूक कायम वेळापत्रकाची. "लाइनवाल्यानं धोका देल्ला," एवढा एकच निष्कर्ष ते वर्षानुवर्षं काढत आले.

टाकी भरली की घंटा वाजावी म्हणून त्यांनी एकदा काहीतरी जोडणी केली होती. घंटा वाजली नाही, पण करंट दोन्ही घरांच्या मधल्या कपडे वाळवायच्या तारेत उतरला. मी ओल्या चादरीचं ओझं घेऊन आले आणि तारेवर टाकलं. पुढचं मला नीट सांगता येत नाही. चादर तुळशीवर गेली, मी केरसुणीवर. श्रीरामभाऊ धावत आले, मी जिवंत आहे याची खात्री केली आणि डोळे चमकवत विचारलं, "मॅडम, कुठपर्यंत गेला? मनगट का खांदा?" मी खांदा म्हणाले. "बैल!" ते आनंदानं म्हणाले. "पहिल्याच फटक्यात बैल! नशीब लागते त्याले." त्या दिवसापासून मी कपडे काठीनं वाळत घालते.

या सगळ्यातून हा माणूस जगला, त्याचं श्रेय कमलवैनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला. ओसरीच्या दाराशी वैनी एक वाळकी तुऱ्हाटी ठेवायच्या, तुरीची चांगली जाड काडी. आरोळी ऐकू आली की हातातलं पीठ तसंच, वैनी धावत यायच्या आणि तुऱ्हाटीनं भाऊंच्या दंडावर असा सणसणीत फटका द्यायच्या की वायर एकीकडे आणि भाऊ दुसरीकडे. वर पाच मिनिटं तोंडाचा पट्टा. "आवो, तुमाले काही अक्कल हाय का नाही? पोरींचे लगनं झाले, आता मले विधवा करता का?" भाऊ मान खाली घालून दंड चोळत ऐकत. भर दिवसा, गल्लीच्या साक्षीनं नवऱ्याला काठीनं मारणारी आणि वर त्याचा जीव वाचवल्याबद्दल शाबासकी घेणारी बाई पंचक्रोशीत दुसरी नसेल.

मग वैनींचं ऐकणं गेलं. हळूहळू गेलं. आधी कुकरची शिटी गेली, मग फोन, मग आम्ही सगळे. बुलढाण्याला नेऊन कानाचं मशीन आणलं. पण त्यातून वैनींना नुसता कलकलाट ऐकू यायचा, आणि भजनातला टाळ वाजला की डोक्यात भांडी कोसळायची. ते मशीन बडीशेपेच्या डब्यात गेलं ते गेलंच. एक दिवस वैनी भिंतीशी आल्या आणि तुऱ्हाटी माझ्या हातात दिली. "मॅडम, हे तुमच्याजवळ राहू द्या. यांचं वरडनं मले आता ऐकू येत नाही. तुमाले आलं का येऊन मारत जा. लाजू नका." शाळेत मारायला बंदी येऊन बरीच वर्षं झाली होती. ती परवानगी मला अशी शेजारात मिळाली.

इथं मला वैनींच्या भजनाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आमच्या महिला भजनी मंडळात चाल धरायची ती वैनींनी, असा तीस वर्षांचा रिवाज. आवाज काही फार गोड नाही, पण असा पक्का की मागच्या वीस बायका त्याला धरून बिनघोर चालाव्यात. गेल्या सालच्या हरिनाम सप्त्यात, देवळातल्या दुपारच्या भजनाला वैनी नेहमीच्या जागी बसल्या. मृदंगावर बबनबुवा. वैनींनी अभंग उचलला आणि दोन ओळींत ताल सुटला. मृदंग एकीकडे, वैनी दुसरीकडे. बबनबुवांनी हात थांबवला तरी वैनी डोळे मिटून पुढं चाललेल्या. मागून हसण्याचा आवाज आला. हसणाऱ्यांत मी नव्हते, असं मला छातीठोकपणे सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

वैनींना हसणं ऐकू आलं नाही. पण डोळे उघडल्यावर त्यांना तोंडं दिसली. त्यांनी टाळ पदराला पुसले, देवापुढं ठेवले आणि घरी आल्या. त्यानंतर त्या देवळात गेल्या नाहीत. घरातही बोलणं कमी झालं. श्रीरामभाऊंना बैल बसला तरी त्या तूर निवडत बसलेल्या असत, कारण त्यांना तो कळायचाच नाही. मी भिंतीवरून उडी मारून यायचे, तुऱ्हाटी मारायचे, पण ते पाच मिनिटांचं बोलणं मला जमायचं नाही.

एक दिवस दंड चोळत भाऊ मला म्हणाले, "मॅडम, येत्या सप्त्यात तुमची वैनी टाळ धरन. लिहून ठेवा. नाही धरला त हे सारं ऑफिस मी भंगारवाल्याले देऊन टाकीन, अन् पुन्हा टेस्टरले हात लावनार नाही." हा माणूस चेष्टेत काहीही बोलतो, पण ऑफिसबद्दल चेष्टा करत नाही.

कामाला सुरुवात झाली. आधी तो लग्नाचा भोंगा वैनींच्या कानाजवळ बांधला आणि त्यातून भजन लावलं. अर्धं गाव गोळा झालं. कुणीतरी गेलं अशी अफवा उठली. वैनी शांतपणे म्हणाल्या, "कानाले वारा लागून राह्यला." मग कपाळाला पट्टी बांधून काहीतरी केलं. त्यातून फक्त मुंग्या निघाल्या. नशिबानं सगळ्या भाऊंनाच चावल्या. महिनाभरात भाऊंच्या हाताची साल गेली आणि वैनी होत्या तिथंच होत्या.

आणि मग एका दुपारी ती गोष्ट घडली. लाइन नव्हती. वैनी ओट्यावर बसून तूर निवडत होत्या, भाऊ खांबाला टेकून बसले होते, मी वह्या तपासत होते. वैनी सूप न थांबवता म्हणाल्या, "लाइन आली वाटते. गिरनी सुरू झाली."

गिरणी दोन घरं सोडून आहे. खरंच सुरू झाली होती. श्रीरामभाऊ ताडकन उठले. वैनींच्या पुढ्यात बसून कानाला हात लावून खुणेनं विचारलं, तुला कसं कळलं? वैनींनी ओट्यावर थाप मारली. "बुडाखाली गुरगुर होते नं. तुमाले नाही होत?"

भाऊ माझ्याकडं वळले. तोंडावर असा आनंद की मला भीतीच वाटली. "मॅडम, सिंपल लॉजिक हाय! हिच्या कानात घालून काही फायदा नाही. हिले खालून ऐकू येते!"

त्या दिवशी ते जेवले नाहीत. एका जुन्या मोठ्या स्पीकरचा कागद कापून टाकला, उरलेलं धूड जेवायच्या पाटाखाली स्क्रूनं आवळलं आणि मागं ॲम्प्लिफायर जोडला. मृदंग वाजला की पाट थरथरणार, आणि बसणाऱ्याला ताल अंगातून कळणार, असा हिशेब. पाट घेतला तो घरातला सगळ्यांत चांगला, जाड सागवानी, वर पितळी फुल्या ठोकलेला, लग्नात वैनींच्या माहेरून आलेला. मला ओरडून बोलावलं. वैनी मळ्यात गेल्या होत्या. भाऊंनी पाय धुतले, हत्यारांना हात जोडले, भजन लावलं आणि मोठ्या समाधानानं पाटावर मांडी घातली.

पाटाखालचा करंट पितळी फुल्यांतून वर आला. मी माणसाला बसल्या मांडीनिशी उडताना त्याआधी पाहिलं नव्हतं. तुऱ्हाटी उचलायचीही गरज पडली नाही. भाऊ ओसरीतून अंगणात आले होते. तोंड उघडं, शब्द नाही, मान नुसती हलत होती. हो मामा, हो मामा. सासरा बसला होता, आणि पाटही सासऱ्यांचाच होता.

बऱ्याच वेळानं शब्द फुटला तो असा: "मॅडम... पाट वाजते! बुडाले मृदंग समजला! धिन् समजला, ना समजला, सारं समजलं!" आणि लहान पोरासारखे टाळ्या पिटायला लागले.

मला मात्र संताप आला. त्या भरात मी बोलले. "भाऊ, वैनीले बसवनार होते नं तुमी याच्यावर? साठीच्या बाईले? तिले त वरडताही आलं नसतं."

श्रीरामभाऊंच्या टाळ्या थांबल्या. ते पाटाकडे बघत राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं. ते उठले, ओसरीत गेले आणि मेन स्विच पाडला. मग उंबऱ्याशी आले, चपला पायात सरकवल्या आणि चपलांसकट ऑफिसात जाऊन बसले. हत्यारांकडं बघून म्हणाले, "माफ करजा."

दुसऱ्या दिवसापासून मी जे पाहिलं ते मला अजून खरं वाटत नाही. पाटाच्या सगळ्या पितळी फुल्या त्यांनी एकेक करून उपसल्या आणि भोकं लाखेनं बुजवली. पाटाला दिलेली घरची लाइन पार काढून टाकली. तिच्या जागी फवारणी पंपाची बॅटरी आली, बारा व्होल्टची, शेतात पाठीवर बांधतात ती. खालचं सगळं धूड रबरी ट्यूबच्या पट्ट्यांनी गुंडाळलं. आणि मग तपासणी. रोज सकाळी आंघोळ करून, अंग न पुसता, ओल्या पंच्यानिशी श्रीरामभाऊ अंगणात त्या पाटावर बसायचे. भजन सुरू. येणारे जाणारे थांबून बघायचे. शाळेत जाणारी पोरं बघायची. बबनबुवा एकदा म्हणाले, "का बे श्रीराम, हे कोनतं व्रत?" भाऊ म्हणाले, "चेकिंग चालू हाय." आठ दिवस हे चाललं. आठव्या दिवशी ते भिंतीशी आले. "मॅडम, मुंगीबी नाही." ते निराश होते की खूश, मला कळेना.

वैनींना काही सांगितलं नव्हतं. त्या लसूण सोलायला म्हणून पाटावर बसल्या, आणि भाऊंनी ओसरीतून मोबाइलवर भजन लावलं. मी भिंतीशी उभी होते. वैनी दचकल्या. इकडं तिकडं बघितलं. तळहात पाटावर टेकवला. मग लसूण सोलायला लागल्या आणि आम्हाला वाटलं, संपलं, यातही काही नाही. पण थोड्या वेळात त्यांचा उजवा गुडघा हलायला लागला. मग लसणाची कुडी बाजूला पडली आणि हात मांडीवर पडायला लागला, बरोबर समेवर. त्या हळूच गुणगुणल्या. इतक्या दिवसांत त्या घरातून आलेलं ते पहिलं गाणं होतं. श्रीरामभाऊंनी खांबाला मिठी मारली. मीही रडले, लपवण्यात अर्थ नाही.

पण देवळात यायला वैनी तयार नव्हत्या. "लोक हासतीन," एवढंच म्हणायच्या. आणि तिकडं लोकांची निराळीच अडचण. पाट देवळात येणार हे कळल्यावर भजनी मंडळात घबराट पसरली. सुमनबाई मंडळातल्या बोलक्या, त्या म्हणाल्या, "कमलमायसाठी जीव देऊ हो, पन करंट लागून नाही." पाटाला ताल पोचवायचा माइक मृदंगाजवळ ठेवायलाच बबनबुवांनी नकार दिला. "त्याच्या वायरीले मी हात लावनार नाही अन् मृदंगालेही लावू देनार नाही. मांगं माह्या पंख्याले हात लावला होता त्यानं." भाऊंची वर्षानुवर्षांची कीर्ती अशी आडवी आली. शेवटी श्रीरामभाऊंनी सभामंडपात सगळ्यांसमोर पाण्यानं भरलेली बादली ठेवली, बॅटरीच्या वायरी दोन्ही मुठींत धरल्या आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून वाकून उभे राहिले. "पाहा. उभा हाओ का नाही? पाहा." पाच मिनिटं उभे होते. बबनबुवांनी माइक ठेवू दिला. तोही मृदंगापासून हातभर अंतरावर.

सप्त्याचे चार दिवस गेले, वैनी आल्या नाहीत. पाट मंडपात रिकामा. भाऊ मागच्या बाजूला ॲम्प्लिफायरजवळ रोज बसून. पाचव्या दुपारी मी वैनींच्या घरी गेले. त्यांना ऐकू येत नाही आणि मला खाणाखुणा येत नाहीत, म्हणून पाटीवर खडूनं लिहिलं: 'मागच्या वर्षी मी पण हसले होते. माफ करा. चला.' वैनींनी वाचलं. माझ्याकडं बघितलं. मग पदरानं पाटी पुसली आणि म्हणाल्या, "लुगडं बदलू द्या."

देवळात त्या पाटावर बसल्या आणि बायका जराजरा लांब सरकल्या. दोन हात अंतर सोडून चारी बाजूंनी रिकामी सतरंजी, मध्ये एकट्या वैनी. मला ते बघवेना. बबनबुवांनी थाप मारली. वैनी तशाच बसून. दुसरी थाप. काही नाही. मंडपाच्या मागं काहीतरी खडखडलं. मला वाटलं, आता या उठतात.

तिसऱ्या थापेला वैनींचा गुडघा हलला. त्यांनी देवापुढचे टाळ उचलले, एकदा डोळे मिटले आणि अभंग असा उचलला की माझ्या अंगावर काटा आला. समेवर! पुढच्या ओळीला पुन्हा समेवर! बबनबुवा मुद्दाम लय वाढवायला लागले, परीक्षाच म्हणा, आणि वैनी त्यांच्याबरोबर, तसूभर मागं नाही की पुढं नाही. बबनबुवा मान डोलवत ओरडले, "वा कमलमाय!" आधी सुमनबाई जवळ सरकल्या. मग त्यांच्या शेजारची. मग सगळ्या. रिकामी सतरंजी भरून गेली, गुडघ्याला गुडघे लागले, आणि वीस बायकांनी वैनींच्या मागं असा आवाज लावला की रस्त्यावरची माणसं चपला काढून आत आली. हसलं कुणीच नाही.

श्रीरामभाऊंना शाबासकी द्यावी म्हणून मी पुरुषांत बघितलं. ते नव्हते. खांबाशी नव्हते, दाराशी नव्हते. मी कनातीच्या मागं गेले. ते तिथं ॲम्प्लिफायरपुढं उकिडवे बसले होते, दोन्ही हात त्याच्या मागच्या बाजूला घट्ट दाबून, कपाळावरून घाम गळत होता. "वायरी धरनारी पट्टी तुटली मॅडम," ते हळूच म्हणाले. "कोनाचा तरी पाय पडला. दाबून धरलं तवाच पाट वाजते. सोडलं का बंद." त्यांनी माझ्याकडं बघितलं. "कशी म्हनते ते? मले इथून नुसता मृदंगच ऐकू येऊन राह्यला. सारखं मृदंगच. टाळ तिनंच धरला नं?"

"हो भाऊ. तिनंच."

"कोनी हासते का?"

मी म्हटलं, "कोनीच नाही. पन कोनाले तरी बोलवायचं नं, धरायले. इतके मानसं बसले तिकडं."

ते कसंनुसं हसले. "माह्या वायरीले हात कोन लावते, मॅडम?"

मी खाली बसले, पदर खोचला आणि त्यांच्या बोटांशेजारी माझी बोटं ठेवली. भाऊंनी माझ्याकडं बघितलं, मग एकेक बोट सावकाश काढून घेतलं, जसं माझं पुरतं बसत गेलं तसं. पलीकडं अभंग खंडला नाही. "जा," मी म्हटलं.

कनातीच्या फटीतून मला सगळं दिसत होतं. ते आत गेले, गर्दीतून वाट काढत पार पुढं, बायकांच्या समोर. वैनींनी त्यांना बघितलं. गाता गाताच, टाळ न थांबवता, डोळ्यांनीच दटावलं: बसा तिथं. भाऊ मटकन खाली बसले. आजूबाजूचे सगळे टाळ्या देत होते. श्रीरामभाऊ दोन्ही हात मांडीवर ठेवून नुसते तिच्याकडं बघत होते. माझी बोटं बधिर झाली, मनगट भरून आलं, पण शेवटच्या अभंगापर्यंत मी ती वायर सोडली नाही.